लाईनवर माणूस

आमच्या भागात वीज जात नाही, लाईन जाते. इंग्रजीशी कधी संबंध न आलेली माणसंही हा शब्द दिवसभर वापरतात. रेशनच्या दुकानापुढे लाईन लागते. यवतमाळ लाईनची बस नेहमी उशिरा येते. वाया गेलेला पोरगा लग्न झाल्यावर लाईनीवर येतो. सोयरीक जुळवायला बसलं की पहिला प्रश्न असतो, पोरगा कोणत्या लाईनीत हाये? आणि शाळेच्या फाटकावर उभी राहून काही पोरं जी मारतात, तीही लाईनच.

मी खानावळ चालवते. मला त्यातल्या एकाच लाईनीशी काम: मिक्सर, फ्रीज, पाण्याची मोटर. बाबांचं मशीन घरात आलं, तेव्हापासून मात्र कोणी सहज जरी म्हटलं, "लाईन गेली वाटते," तरी मी हातातलं टाकून मशीनकडे धावते.

बाबांची उमेदीची सगळी वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. रुईची धूळ छातीत बसली ती बसलीच. आता त्यांना रात्रंदिवस ऑक्सिजन लागतो, आणि तो देणारं मशीन विजेवर चालतं. मशीन आलं त्याच दिवशी मी तयारी केली. इन्व्हर्टर घेतला. एक सिलिंडर भरून पलंगाशेजारी उभा केला, दुसरा भरायला पाठवला. लाईनमन, ॲम्ब्युलन्स, कळंबचा दवाखाना, शेजारचा गॅरेजवाला, सगळ्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवले. खानावळीत एक गॅस संपायच्या आधी दुसरा दारात लागतो, तसंच हे. आधी विचार केला की अडत नाही, अशी माझी समजूत होती.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी वादळ झालं. रात्रभर लाईन येत-जात राहिली आणि सकाळी गेली ती आलीच नाही. दुपारी इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला आणि थोड्या वेळाने गप्प झाला. मी सिलिंडर लावला. ॲम्ब्युलन्सला फोन केला. कळंबच्या रस्त्यावर बाभळीचं मोठं झाड आडवं पडलंय, ते तोडल्याशिवाय गाडी येणार नाही, असं कळलं. परत भरायला कळंबला पाठवलेला माझा दुसरा सिलिंडरही त्याच झाडापलीकडे अडकला होता. आमच्या गावात दवाखाना नाही.

वीज कंपनीच्या नंबरवर फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, कृपया लाईनवर राहा. मी राहिले. पेटीसारखं काहीतरी वाजत राहिलं, मग परत तीच बाई, परत लाईनवर राहा. इकडे सिलिंडरचा काटा खाली येत होता. बाबा काट्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आली काय?" त्यांनी विचारलं. तेवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

"येऊन राह्यली, बाबा," मी म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं.

गॅरेजवाल्याच्या आईला आम्ही सगळे खाला म्हणतो. तिला बाबांजवळ बसवलं, काटा कुठपर्यंत आला की फोन करायचा ते दाखवलं आणि स्कूटी काढली. आमचं पावर हाऊस गावाबाहेर, शेतांच्या मधे आहे. तारेच्या कुंपणाआड मोठमोठी यंत्रं घूं-घूं करत होती. खोलीत ऑपरेटर ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

तो पंखा बघून माझं टाळकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. इथं तुम्ही हवा खाता आणि तिकडे माझा बाप श्वासाला मोताद, असं काहीतरी. त्याने मला बोलू दिलं. मग सांगितलं की इथली वीज वरच्या मोठ्या लाईनीतून येते, ती चालू आहे. बंद आहे ती गावाकडे जाणारी. जंगलाच्या पट्ट्यात तार तुटली आहे. लाईनमन लाईन बंद ठेवायचं परमिट घेऊन खांबावर चढला आहे, आणि तो खाली उतरून स्वतःच्या तोंडाने परमिट परत देत नाही तोवर त्या खटक्याला कोणी हात लावत नाही.

फोन लावा म्हटलं. त्याने माझ्यासमोर लावला. तिथे रेंज नव्हती.

"पाच मिनिटं चालू करा," मी म्हटलं. "मशीनच्या जोरावर बाबा तेवढे सावरतील. मंग करा बंद." मी हात जोडले. त्याचे पाय धरायला वाकले, तेव्हा तो खुर्ची सारून मागे झाला.

"लाईनवर माणूस हाये, ताई."

"माह्या घरीबी माणूसच हाये."

भिंतीशी ओळीने लोखंडी कपाटं होती, त्यांवर लाल-हिरवे दिवे. आमच्या गावाचा खटका कोणता हे मला कळलं असतं, तर मी तो दाबला असता. मला कळत नव्हतं, एवढंच. तो खांबावरचा माणूस मी कधी पाहिला नव्हता, आणि त्या घडीला मला तो दिसतही नव्हता.

तेवढ्यात खालाचा फोन आला. "काटा लाल पट्टीत आला, बेटा. जल्दी कर."

ऑपरेटरने ते ऐकलं. "मशीन केवढं हाये?" त्याने विचारलं.

"बॅगेएवढं. चाकं आहेत."

"अन् बाबा? आणता येते त्यायले?" त्याने टेबलाखालच्या प्लगाकडे बोट दाखवलं. मला समजायला क्षणभर लागलं. लाईन बाबांपर्यंत येत नव्हती, तर बाबांनाच लाईनीपर्यंत आणायचं होतं.

मी फोन करून स्कूटी घराकडे पळवली, तोवर गॅरेजवाल्याने मालाची तीनचाकी काढली. मागे गादी टाकली, बाबांना आम्ही दोघांनी उचलून निजवलं, एका बाजूला सिलिंडर, दुसऱ्या बाजूला मशीन. खालाने वर छत्री धरली. बाबांचे ओठ जांभळे दिसत होते.

"काकाजी, घाबरू नका, ब्रेक कालच दुरुस्त केला," गॅरेजवाला म्हणाला.

"और उसके पहले बिना ब्रेक के घूम रहा था क्या? सामने देख," खाला म्हणाली.

बाबा हसले नाहीत. प्रत्येक खड्ड्यावर त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. पावर हाऊसच्या फाटकात वळताना सिलिंडरची सूं-सूं थांबली. मी नळी कानाशी धरली, काही येत नव्हतं. बाबा तोंड उघडून हवा ओढत होते आणि ती आत जात नव्हती.

ऑपरेटरने टेबल रिकामं करून ठेवलं होतं. पण टेबलावर घ्यायला वेळ नव्हता. गादी खालीच टाकली, प्लग लावला. मशीनने एकदा टूं केलं आणि त्याचा रोजचा आवाज सुरू झाला. मी नळी बाबांच्या नाकाला लावली आणि त्यांच्या ओठांकडे बघत बसले. रंग लवकर बदलला नाही. खाला काहीतरी पुटपुटत होती. मी तर तेही करू शकले नाही.

बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे उघडून पंखा बघितला. त्यानंतर ऑपरेटरचा फोन वाजला. लाईनमन रेंजमध्ये आला होता. ऑपरेटरने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं: मी उतरलो, माझा माणूसही उतरला, लाईन मोकळी आहे. मग त्याने खटका लावला. धाडकन आवाज झाला, बाबा दचकले.

"लाईन आली, बाबा," मी म्हटलं. "चला घरी."

त्यांनी टेबलाचा लोखंडी पाय धरला. "नाई."

"काहून?"

"घरची जाते," ते म्हणाले. श्वास घेतला. "इथची जात नाही. मले इथंच राहू दे."

मी समजवायला लागले. मोठी बॅटरी घेऊ, जनरेटर भाड्याने आणू, एक सिलिंडर जास्तीचा ठेवू. बोलता बोलता मलाच कळलं की हे सगळं मी त्यांना आधीही सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. बाबांनी डोळे मिटून घेतले, पण हात सोडला नाही.

ऑपरेटर दारात उभा होता. बाहेरच्या माणसाला इथे ठेवता येत नाही, साहेबांनी पाहिलं तर माझं काही खरं नाही, असं तो म्हणाला. मग फाटकापर्यंत जाऊन बाहेर कोणी आहे का ते बघून आला.

"आठ वाजेलोक माही ड्युटी हाये," तो म्हणाला. "मंग दुसरा येते. तो का म्हणते, मले सांगता येत नाही."

खालाला बाबांजवळ ठेवून मी घरी गेले. दार उघडंच राहिलं होतं. सगळे दिवे लागलेले, पंखे फिरत होते, बाबांच्या रिकाम्या पलंगावरचाही. मी पंखे बंद केले. गोळ्या, चादर, उशी, लघवीचं भांडं, पाण्याची बाटली असं सगळं पिशवीत भरलं आणि परत निघाले. आठनंतर काय करायचं, याचा विचार मी वाटेत सुरू केला. पावर हाऊस आलं तरी पहिलाच मुद्दा सुटला नव्हता: टेबलाच्या पायावरचा बाबांचा हात सोडवायचा कसा.