बिनशर्टाचा डॉक्टर

देवाकडे मी कधी काही मागितलं नव्हतं, आणि छातीवर नागीण उठली तेव्हा तर मनात शिवीच आली. फोड सुकले, आग मात्र राहिली. कापड टेकलं तरी कातडी सोलून निघाल्यासारखं व्हायचं. मी स्वतः डॉक्टर; कोणती गोळी कुठवर चालते हे ठाऊक होतं. म्हणून इतरांना असते तेवढी आशाही माझ्याजवळ नव्हती.

वडील रेल्वेत गँगमन. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट ही माझी कमाई. तोच अंगावर ठरेना, तेव्हा गुढियारी वस्तीतला माझा दवाखाना बंद केला. उघड्या अंगानं रोगी तपासायला मी काय बाबा-बुवा आहे? मुलगा फोनवर म्हणाला, "पापा, अब बस करो, आराम करो." मला वाटलं, झालं, आपल्याला निकालात काढलं.

चैत्राच्या नवरात्रात केसरबाई घरी आली. हिचे गुडघे तपासता तपासता माझे केस पिकले.

"दवाखाना काहून बंद करून ठेवला, डॉक्टरसाहेब?"

मी दुखणं सांगितलं.

"वयाचं हाय मंग," ती म्हणाली. "मले तं तुम्ही हेच सांगत होते." मग पदर सावरत, "ब्राह्मणपाऱ्याच्या देवीपाशी तुमच्या नावानं नऊ दिवसाची ज्योत लावली. अष्टमीले या."

"मी बरा व्हावा म्हणून?"

"ते देवी पाहून घेईन. मी म्हटलं, दवाखाना उघडू दे बाई. तो नवा डॉक्टर गुडघ्याले हात बी नाही लावत."

राग आला, तरी गेलो. दुखऱ्या बाजूला लागणार नाही असा जुना मऊ पंचा खांद्यावर टाकून, ओळखीच्या नजरा चुकवत. लोकांनी नवसानं लावलेल्या ज्योतींच्या खोलीत मात्र पुरुषांनी उघड्या अंगानंच जायचं, असा तिथला रिवाज. हमाल, वकील, दुकानदार, सगळे तसेच उभे. मीही पंचा काढला. पंख्याचा वारा न सोसणाऱ्या कातडीवर शेकडो दिव्यांची धग आली, आणि दुखलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. त्या रांगांत माझी ज्योत कोणती, तेही कळलं नाही. डोळे भरून आले, एवढं खरं. बाहेर आलो तर दुखणं चपलांपाशी वाट पाहत होतं.

नवरात्र उठल्यावर पंच्यावरच दवाखाना उघडला. केसरबाई सगळ्यांच्या पुढे.

"डॉक्टर हाय का पुजारी?" ती म्हणाली आणि बाकावरचे सगळे हसले. मी तिचा गुडघा हातात घेतला. तिनं नेहमीचंच विचारलं, "जाईन का हे दुखणं?"

"नाही. माझंही जात नाही."

"हव," ती म्हणाली, आणि दुसरा गुडघा पुढे केला.

देवीनं मला बरं केलं नाही. ही तक्रार मी रोज सकाळी हात जोडून तिच्यापुढे ठेवतो. मग तिचेच आभार मानतो, पंचा सारखा करतो आणि दवाखान्याचं कुलूप काढतो.