रेघ नसलेली पाटी

हवेत डावीकडून उजवीकडे बोट ओढायचं आणि विचारायचं, "रेघ कुठाय?" आमच्या लोणारात गुरुजींची ओळख पटवायला एवढं पुरे होतं. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सुटलेली त्यांना खपायची नाही. तुमच्याही गावात असा एखादा मास्तर असेलच, ज्याच्या धाकाने तुम्ही अजून बँकेची स्लिप सुवाच्य अक्षरात भरता.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि लग्नानंतर शेजारीण झाले, म्हणजे सुटका नाहीच. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी हातात घेतली, चहा थंड होऊ दिला, आणि लाल पेनाने माझ्या नवऱ्याच्या नावावर तुटलेली रेघ पुरी करून मला परत दिली. "आता झालं लगन पक्कं," म्हणाले. सुलतानपूरच्या गाडीची पाटी रंग उडून बोडकी झाली होती, तर ते कंडक्टरला खाली बोलावून दाखवत राहिले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "गुरुजी, गाडी सोडू का रेघ वढू?"

हसायचो आम्ही. पण त्या रेघेने त्यांच्या घरात काय केलं होतं, ते गावाला ठाऊक होतं, म्हणून तोंडावर कुणी हसत नसे.

त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्याच वर्गात होता. तो रेघ द्यायचाच नाही. भराभर लिहायचा, नुसती अक्षरं, उघड्या डोक्याची. एकदा गुरुजींनी त्याला फळ्यापाशी उभं करून स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. दर वेळी रेघ राहून जायची. चुकून की मुद्दाम, देव जाणे. वर्गात नेहमी पुस्तकी बोलणारे गुरुजी त्या दिवशी घरच्या बोलीवर आले. "तुले लिवता येत नाही. मास्तरचं पोरगं कोन म्हनंल तुले?" त्याने खडू खाली ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. दिवाळीच्या सुट्टीत, नवा शर्ट अंगात घालून, तो घरातून गेला तो गेलाच.

पुढच्या वैशाखात काकू गेल्या, म्हणजे त्याची आई. कावीळ झाली होती. बाहेर चप्पल वाजली की मान वळवायच्या, शेवटच्या दिवसापर्यंत.

आणि त्याच वर्षी पोळ्याला बसस्टँडवरचा पानठेलेवाला एक फोटो घेऊन गुरुजींच्या दारात आला. कुणी ट्रकवाला 'गुरुजींना द्या' म्हणून ठेवून गेला होता. याने तो तंबाखूच्या डब्यामागे सरकवला आणि विसरला. केव्हा ठेवून गेला, ते काही त्याला सांगता येईना. "काकूच्या आंधी का मांगून, ध्यानातच नाही ना गुरुजी," एवढंच तो म्हणत राहिला.

काळा-पांढरा, तळहाताएवढा फोटो. मुलगा एका बसच्या दाराशी दांडी धरून उभा. बसच्या पाटीचं सुरुवातीचं अक्षर एका टोपलीवाल्याच्या मागे गेलेलं, त्यापुढे अस्पष्ट काहीतरी आणि शेवटी 'नगर'. शेवटचा 'र' तर दोनाच्या आकड्यासारखा. वर विजेच्या तारांवर डाग पडलेले. फोटोच्या मागे मुलाच्या हातचे तीन शब्द होते, "मी बरा आहे." रेघ अर्थातच नव्हती. फोटो मिळाला त्याच दिवशी गुरुजींनी लाल पेन काढून त्या शब्दांवर रेघ ओढली. काय म्हणावं या माणसाला! बायको गेली, पोरगा परागंदा, आणि हा रेघ ओढतो आहे. मला तेव्हा त्यांचा संताप आला होता. आता वाटतं, त्यांना पोराला हात लावायचा होता आणि दुसरी रीत त्यांना येत नव्हती.

पाटीवरच्या अक्षरांनाही रेघ नव्हती. गुरुजींना दोनात दोन मिळवायला कितीसा वेळ? "हे त्याचंच अक्षर हाय. नगरच्या डेपोत पाट्या रंगवते तो. दुसरा कोन रंगवंल अशी बोडकी पाटी?"

दर सुट्टीत ते नगरला जायचे. स्टँडवर उभे राहून येईल त्या गाडीची पाटी बघायचे. रेघ दिसली की मान खाली घालायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे. परत आले की आम्ही काही विचारायच्या आत म्हणायचे, "साऱ्या पाट्यांले रेघ हाय." आयुष्यभर रेघ शोधणारा माणूस ती दिसली म्हणून खट्टू व्हायचा.

फोटो त्यांनी गावात सगळ्यांना दाखवला. पण मास्तरच ते. आधी उत्तर सांगायचे आणि मग फोटो पुढे करायचे. 'नगर' ऐकल्यावर आम्हा सगळ्यांना नगरच दिसायचं. तारांवरच्या डागांना ते बुरशी म्हणायचे आणि कापसाने हळूच पुसायचे.

म्हातारपणी नगरच्या फेऱ्या थांबल्या. प्रश्न तेवढा उरला. संध्याकाळी ओट्यावर बसले की मला विचारायचे, "पोरी, हा फोटो तिच्या आंधीचा असंल का मांगचा?" मागचा असेल तर ट्रकवाल्यांकडून त्याला आईचं कळलंच असणार. कळूनही तो आला नाही, नुसतं 'मी बरा आहे' लिहिलं. ही गोष्ट त्यांना आतून खात होती. मी म्हणायची, "आंधीचाच असंल गुरुजी." ते म्हणायचे, "कशावरून?" मी चहा आणायला उठायची.

मग माझ्या मुलीचं बाळंतपण आलं. ती अहमदाबादला असते. पौषात मी तिकडे गेले. संक्रांतीला शहरातली सगळी माणसं, म्हातारेकोतारेसुद्धा, गच्चीवर पतंग उडवत होती. दुसऱ्या दिवशी औषधं आणायला रस्त्यावर आले, तर तारांवर फाटके पतंगच पतंग. खालून शहर बस आली. पाटीवर 'नगर', आणि त्या अक्षरांना रेघ नाही. 'र' दोनासारखा. माझ्या कानात गुरुजींचा आवाज आला आणि मी रस्त्यातच उभी राहिले. गुजराती लिपीला रेघ नसतेच.

मोबाईलमध्ये त्या फोटोचा फोटो होता. मुलीच्या शेजारच्या आजोबांनी तो मोठा करून पाहिला. "हे तर आपलं मणिनगर. आणि संक्रांतीचे दिवस. हे पतंग ताजे आहेत. नंतर तारांवर नुसत्या काड्या राहतात." दिवाळीला मुलगा गेला, पोळ्याला फोटो हाती आला. मधे संक्रांत एकच. वैशाखाच्या आधीची.

जावयाने मणिनगरात चार ठिकाणी विचारलं. इतक्या वर्षांनी कोण काय सांगणार?

लोणारला परतले ती पिशवी घरात न टाकता गुरुजींकडे गेले. ते खाटेवर होते. मोबाईलवर तिथल्या बसची पाटी दाखवली. सवयीने बोट वर गेलं. "रेघ कु..."

"त्या लिपीत नसतेच गुरुजी. गुजराती हाय ते. अहमदाबाद."

"नसतेच?"

"नाही."

बोट तसंच हवेत राहिलं. मग मी त्यांना पतंग दाखवले, संक्रांतीचं सांगितलं. त्यांनी दोनदा समजून घेतलं, एखाद्या पोराने गणित समजून घ्यावं तसं.

"म्हंजे आंधीचा."

"हाव गुरुजी. काकू होत्या तवाचा."

"त्याले मालूमच नव्हतं?"

"नव्हतं."

ते रडले. माझ्यासमोर पहिल्यांदा. "तिले सांगाले पायजे होतं. पोरगं बरं हाय म्हनून तिले सांगाले पायजे होतं." मग डोळे पुसत, "अमदाबादले गाडी कवा असते पोरी?" त्यांना मोरीपर्यंत जायलाही आधार लागत होता. मी म्हटलं, चौकशी करते. मलाही रडू आवरेना.

त्या दिवसानंतर त्यांनी कुणाला रेघ विचारली नाही. किराणावाल्याने नवी पाटी लावली, मुद्दाम तिरपी रेघ काढून, तरी ते काही बोलले नाहीत. तोच घाबरून मला विचारायला आला, "गुरुजीले बरं नाही का?"

दिवाळीच्या आत ते गेले. डोणगावचा पुतण्या घर आवरायला आला होता. त्याने फोटो माझ्या हातात दिला. "काकी, हा तुमच्यापाशी राहू द्या. मले त्यातलं काई समजत नाही."

मी फोटो उलटा केला. मागची लाल रेघ गुरुजींनी दाढीच्या पात्याने खरवडून काढली होती. दोन ठिकाणी कागद पार फाटला होता. अक्षरांना मात्र पातं लागू दिलं नव्हतं. ती मुलाने लिहिली तशीच होती, उघड्या डोक्याची. मी बरा आहे.