उन्शाचा शेवटचा घाव

घरात एकट्या असलेल्या माणसानं उन्शाच्या, म्हणजे कार्निव्हालात सजवून भोवती नाचत तोडायच्या झाडाला कुऱ्हाड कशी मारायची, हे आमच्या किनुआमायो वस्तीत कुणाला शिकवावं लागत नाही. हात भरपूर उंच न्यायचा, म्हणजे बघणाऱ्यांना जोर दिसतो. खाली येताना मनगट सैल सोडायचं. सालीचा एवढासा कपटा उडतो, बायका गाण्यातून चिडवतात आणि आपण कुऱ्हाड पुढच्या जोडीच्या हाती देऊन मोकळं व्हायचं. कारण ज्या जोडीच्या घावानं झाड पडतं, तिच्या गळ्यात पुढच्या कार्निव्हालचं झाड पडतं. निलगिरी निवडून तोडून आणायची, अंगणात खड्डा खणून उभी करायची, फांद्यांना टप, चादरी, फळं, पावाच्या बाहुल्या बांधायच्या, वाजवणारा बोलवायचा, वस्तीला जेवू घालायचं. नवरा-बायको दोघं असली तर हे कसंबसं निभतं. एकट्यानं मनगट सैल सोडावं हेच बरं.

ओतिलिया तान्ता हे सोळा वर्षं बिनचूक करत आली होती. तिचा नवरा लिओन्सियो भाताच्या कापणीला म्हणून खाली किनाऱ्याकडे गेला. पहिली तीन वर्षं कापणी संपली की यायचा. मग ती कापणी संपेनाशीच झाली. तिकडे त्याचं दुसरं घर आहे हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, ओतिलियालाही. पण ती कुणी विचारलं तर "कापणी लांबली" एवढंच सांगायची, आणि विचारणाराही मान डोलवायचा. एकुलता मुलगा विल्मेर लिमात एका कारखान्यात लागला. दर रविवारी फोन करतो. ती दारात बसून गवताच्या हॅट विणते, ओल्या काड्या बोटांनी सरळ करत. एक चांगली हॅट विणायला वीस दिवस लागतात. त्या वीस दिवसांत तिच्याशी बोलणारं कोण, तर चुलीभोवती पळणाऱ्या कुई, म्हणजे खायला पाळलेले गिनीपिग. त्यांना ती नावं देत नाही. नाव दिलं की कापवत नाही, म्हणते.

मी शहरातली, काहामार्काची. कॉलेज संपवून इथल्या शाळेच्या मास्तरांशी लग्न करून आले, तेव्हा ओल्या लाकडांची चूल पेटवायला मला ओतिलियानंच शिकवलं. माझ्या नेलीच्या बाप्तिस्म्याला ती धर्ममाता झाली, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. एवढी जवळची, तरी मधे नाला आहे आणि मला घरचं असतं, त्यामुळे महिना महिना तिच्या दारात पाऊल पडायचं नाही. हे मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं.

गेल्या वर्षी शेजारच्या निकानोरच्या बायकोचा गुडघा दुखत होता, म्हणून नाचात ओतिलिया निकानोरची जोडीदारीण झाली. दोघं झाडाभोवती फिरली, निकानोरनं रिवाजाप्रमाणे कुऱ्हाडीनं खोडाला नुसत्या गुदगुल्या केल्या आणि कुऱ्हाड तिच्या हातात दिली. मी समोरच उभी होते. तिचा हात वर गेला आणि खाली आला, तो तसाच. मनगट सैल झालं नाही. दुसऱ्या घावाला खोड कडाडलं.

"मी नुसता हात लावलाय हं," निकानोर सगळ्यांना सांगत सुटला. "पाहिलंत ना सगळ्यांनी? नुसता हात."

"पडलं ना," ओतिलिया म्हणाली. "आता काय, परत चिकटवू?"

लोक हसले. बिचारीचा अंदाज चुकला, असं सगळ्यांनी धरलं. मीही.

आमच्याकडे झाडाच्या यजमानिणीनं वर्षभरात घरोघर जायचं असतं. पाव आणि थोडी चिचा, म्हणजे मक्याची घरगुती दारू, घेऊन जायचं, आणि झाडावर तुम्ही काय बांधणार ते विचारायचं. कुणी टप कबूल करतो, कुणी चादर. मग ती वस्तू पोचवायला त्या घरच्यानं यजमानिणीकडे जायचं, जेवून यायचं. जूनमध्ये ओतिलियानं हे सुरू केलं. लोक साधारण नोव्हेंबरात या फेऱ्यांना निघतात. प्रत्येक घरी ती बसायची, कणसं सोलत असतील तर दोन सोलायची, पोरांची डोकी बघायची. आमच्याकडे एका टपासाठी चार वेळा आली.

"चौथी फेरी," मास्तर म्हणाले. "आता टपाचा रंग ठरवायला आली असेल."

मी हसले. रंग खरंच ठरला: निळा.

ऑगस्टात निकानोर बायकोला घेऊन चिक्लायोला मुलाकडे राहायला गेला. दाराला कुलूप. आपला वाटा पाठवतो म्हणाला होता, पण त्याचा एक निरोपही आला नाही. झाड ओतिलियाचं एकटीचं झालं.

कार्निव्हालच्या दिवसांत वस्ती घरी बसतच नाही. शनिवारी शहरात रंग खेळायला, रविवारी गरम पाण्याच्या कुंडांवर, सोमवारी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक, आणि राखेच्या बुधवारी कार्निव्हालच्या राजाच्या बाहुल्याचं खोटं खोटं रडत दफन. व्हॅनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. केसांत निळा-हिरवा रंग घेऊन माणसं एकमेकांच्या मांडीवर बसून परततात. यंदा ओतिलिया यातल्या कशालाच आली नाही. तिची उन्शा बुधवारनंतरच्या रविवारी होती.

"कोमाद्रे, निदान कुंडांवर तरी चला," मी म्हटलं. "हातपाय शेकून निघतील. दुपारी परत."

"आणि मी गेल्यावर कुणी टप द्यायला आलं तर?"

"टप काय, दाराशी ठेवून जाईल."

"तेच तर," ती म्हणाली आणि मक्याच्या चिचाचं भांडं ढवळायला लागली.

रविवारी सकाळी मी लवकर गेले. पुचेरोचं पातेलं साठ माणसांचं चढवलं होतं: कोबी, डुकराचं मांस, बटाटे, वर अख्खे पीच. झाड उभं करायला नऊ पुरुष लागतात. सहा आले, आणि तिघांच्या जागी आम्ही बायकांनी दोर धरला. निलगिरी डुगडुगत उभी राहिली. माझा निळा टप सगळ्यात वरच्या फांदीला. विल्मेरचा फोन आला तेव्हा ओतिलिया खालून फांद्या सरळ करत होती. सुट्टी मिळाली नव्हती. "बरं, जेवलास का?" एवढंच तिनं विचारलं.

एक वाजता क्लारिनवाल्यानं अंगणाच्या कडेला उभं राहून आपला तीन माणसांएवढा लांब वेळूचा कर्णा आभाळाकडे वळवला आणि सूर काढला. तो सूर डोंगरापलीकडे जातो, त्यामुळे ऐकू आलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही. दोन वाजता अकरा माणसं होती. तीन वाजता सव्वीस. बाकीची गेल्या आठ दिवसांच्या भटकंतीनं दमली होती, काही शहरातच राहिली होती, काहींना सोमवारी काम होतं. ओतिलिया प्रत्येकाला दारापर्यंत जाऊन आत आणत होती आणि ताटात दोन-दोन पीच वाढत होती.

मग नाच सुरू झाला आणि मला बरं वाटलं. सव्वीस माणसांनीही रिंगण होतं. रोसाउरा आमच्याकडची सगळ्यात तिखट जिभेची. तिनं सुरुवात केली:

"निलगिरीच्या फांदीवरती टांगलाय निळा टप,
घाव घालतो आमचा भाऊ, झाड म्हणतंय गप."

जोड्या एकामागून एक आत जात होत्या. तासाभरात खोडाला चांगली खाच पडली. मग माझ्या लक्षात आलं की खाच आहे तेवढीच आहे. हात उंच जात होते, मनगटं सैल पडत होती. सगळ्यांचीच. पूर्वी हे एकटी माणसं करायची. आता दोघं असलेली, चौघं असलेली, मुलं-सुना असलेली माणसं तेच करत होती. कुणाला पुढचं वर्ष नको होतं. कुणाचा मुलगा किनाऱ्यावर बोलावत होता, कुणाची गुरं विकून झाली होती.

आमची पाळी आली. नाचता नाचता मास्तर माझ्या कानाशी आले.

"हळू. यंदा नेलीचं लग्न आहे."

"माहीत आहे."

मी हात भरपूर उंच नेला. कपटा उडाला. ओतिलिया चिचाचे ग्लास भरत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा ग्लासात बघितलं.

पाच वाजून गेले. ढग खाली उतरले. क्लारिनवाल्याला शेवटची व्हॅन गाठायची होती. तो सूर मधेच तोडायला लागला होता. रोसाउराचा आवाज बसला, तरी तिनं एक हाणलंच:

"कुऱ्हाड आहे की पंखा बाई, वारा घालता छान,
या वेगानं पुढच्या वर्षी पडेल एक पान."

कुणी फारसं हसलं नाही. ती स्वतःही दोनदा पंखा घालून आली होती. मग रिंगण थांबलं. कुऱ्हाड खोडाशी टेकवलेली, आणि तिच्याजवळ कुणी जाईना.

म्हातारा तेओफिलो म्हणाला, "राहू द्या तसंच. अर्धं तुटलंय. रात्रीत वारा पाडेल."

सगळ्यांनाच ते पटलेलं दिसलं. वाऱ्यानं पाडलं तर झाड कुणाच्याच गळ्यात नाही. म्हणजे पुढच्या वर्षी उन्शा नाही, आणि त्यासाठी कुणी 'नको' असं म्हणायचीही गरज नाही. बायका शाली सावरायला लागल्या.

ओतिलियानं एप्रनला हात पुसले आणि येऊन कुऱ्हाड उचलली.

"अगं ए, यजमानीण आपलं झाड तोडत नाही," तेओफिलो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"पद्धत आहे."

"पद्धत जेवून घरी चाललीये, काका. मी तोडते."

"बरं, पण जोडीदार? एकट्याचा घाव धरत नाहीत."

तिनं रिंगणावरून नजर फिरवली. एकेक पुरुष आपल्या हॅटची कड बघत होता, बुटांचा चिखल बघत होता. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. पुरुषच हवा असं कुठं आहे, मी जाते, असं माझ्या मनात आलं. माझ्या हातात ग्लासांचा ट्रे होता. तो खाली ठेवता आला असता.

"एकटीचाच धरा," ओतिलिया म्हणाली.

आणि ती नाचली. क्लारिनवाल्यानं सूर धरला, तिनं डाव्या हातात घागऱ्याची कड आणि उजव्या हातात कुऱ्हाड घेऊन झाडाला पूर्ण एक फेरी घातली, जोडीदार समोर असल्यासारखी मान लववत, ठेक्यात. मग दोन्ही हातांनी घाव घातला. एक. दोन. तिसऱ्याला निलगिरी कडाडली आणि टप, चादरी, फुगे, फळं सगळं घेऊन चिखलात आडवी झाली.

लोक धावले. दमलेली, निघालेली माणसं एकदम तरुण झाली. चादरी ओढल्या गेल्या, पोरांनी पावाच्या बाहुल्या पळवल्या, माझा निळा टप रोसाउरानं डोक्यावर घातला. पुढचं वर्ष आपल्यावर आलं नाही याचा आनंद लपत नव्हता. जाताना प्रत्येकानं तिला मिठी मारली.

"म्हणजे पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच, ओतिलियाबाई."

"माझ्याकडेच. नाही आलात तर घरी येऊन कान धरेन."

अर्ध्या तासात अंगण रिकामं झालं. पातेल्यात तीसेक माणसांचं जेवण उरलं होतं. मास्तरांना मी पुढं पाठवलं आणि ताटं घासायला बसले. ती आडव्या खोडावर बसून फांद्यांच्या गाठी सोडवत होती. दोरे ती पुन्हा वापरते.

मी विचारलं, "कोमाद्रे, गेल्या वर्षीही घाव मुद्दामच मारला होतात ना?"

तिनं एक गाठ सोडवून पुरी केली.

"त्याआधीच्या वर्षी माझ्याकडे कोण कोण आलं, सांगू? वीज मोजणारा. तोही कुंपणावरूनच मीटर वाचतो."

मी एक ताट दोनदा घासलं.

"आता तोंड पाडू नका," ती म्हणाली. "घरी जाताना पुचेरो घेऊन जा. कुई खात नाहीत तो."

बुधवारी सकाळी मी कणसं सोलत होते तेव्हा ती दारात उभी. हातात रुमालात बांधलेला पाव आणि चिचाची बाटली. राखेचा बुधवार होऊन आठच दिवस झाले होते. मास्तर घड्याळ शोधायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेले.

ती बसली. दोन कणसं सोलली. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, "पुढच्या वर्षीच्या झाडाला तुमच्याकडून काय?"

"टप देते की. या वेळी मोठा देते."

"टप नको. टप तुम्ही एका दिवसात विकत आणाल." तिनं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "तुम्हाला विणता येतं ना? चादर विणा. लोकरीची, दोन माणसांची. चौकोन चौकोन जोडून असते तसली."

"तिला वर्ष लागेल, कोमाद्रे."

"लागू दे," ओतिलिया म्हणाली. "मी येऊन बघत जाईन, कुठवर आलीये ते."

मी हात पुसले आणि लोकर कुठली घ्यायची ते तिला विचारलं. आम्ही दुपारपर्यंत रंगांवर बोलत बसलो; तपकिरी तिला पसंत नव्हता.