मुकट्याची चकती

पूजेच्या रेशमी मुकट्याचा एक तुकडा आठ पदरी दुमडायचा, कडेने दोऱ्याचे घट्ट टाके घालायचे, मधोमध दाभणाने भोक पाडायचे आणि तो खोबरेल तेलात बुडवून देवघराच्या कोनाड्यात ठेवून द्यायचा... पावलीएवढी, हळदीच्या रंगाची ती चकती तेल पिऊन फुगली की आंब्याच्या फोडीसारखी चकाकायची. माझ्या लहानपणी मी पाहिलेली ती सर्वांत पवित्र वस्तू. तिच्याइतकी निरुपयोगी वस्तू मात्र पुढेही कधी माझ्या हाताखालून गेली नाही. आणि मी जन्मभर नवी पेठेत भांडी विकली आहेत, डाग देऊन भोके बुजवलेल्या घागरी अखंड म्हणून गळ्यात मारायला येणारे लोक रोज तोंडावर परत पाठवले आहेत.

ही चकती नळात बसवण्यासाठी असे.

शुक्रवार पेठेतल्या ज्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो, त्या घराचे मालक नाना. कचेरीत कारकून, पण चालणे-बोलणे असे की कचेरीच त्यांच्या परवानगीने उघडत असावी. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. नानांसमोर उभे राहिले की त्यांचे खांदे आपोआप अर्ध्यावर येत. घर मातीच्या भिंतींचे, जुने, आणि नळ मात्र नवा, आमच्या डोळ्यांदेखत आलेला. भिंत फोडून लोखंडी नळी अंगणात आणली, तेव्हापासून ती भिंत कधी सुकलीच नाही. पांढरा लोणा फुटायचा, पोपडे पडायचे, आणि वैशाखातल्या भर दुपारी, सगळे सोलापूर भाजून निघत असताना, आमच्या दाराशी मात्र ओल्या मातीचा, शेवाळाचा, गंजलेल्या लोखंडाचा एक कुबट थंड वास तरंगत असे. तो वास मला आजही कुठे आला तरी कपाळाची शीर उडते.

नळाच्या तोटीत चामड्याची एक चकती असते. झिजली की नळ गळतो, बदलली की थांबतो. एवढे साधे शास्त्र. पण चामड्याला लागून आलेले पाणी देवाला कसे चालणार? अंगणातल्या आडाचे पाणी मचूळ, तेही उन्हाळ्यात तळाला जायचे. नळ तर हवा होता. तेव्हा नानांनी तोड काढली. रेशीम विटाळत नाही, म्हणून चकती रेशमाची! आमच्या पेठेत या शोधाचे कौतुक झाले. लोक येऊन तोटीला हात लावून जात.

चकती बसवायला येणारे इमाममिस्त्री म्हातारे होते. तोटी उघडून आतला रेशमाचा लगदा बोटाने काढत ते दर वेळी तेच सांगत, "चमडे बगैर ये टपकना बंद होता नै, मालिक. सडक के बडे नल में भी चमडाच है. वहीं से तो पानी आता."

"सडकेवरचं मला सांगू नका," नाना म्हणत. "माझ्या अंगणात काय आहे ते मी बघणार."

मिस्त्री मान हलवत, नवी चकती बसवत. चार दिवस नळ गप्प राही. पाचव्या दिवशी थेंब, आठव्या दिवशी धार. धार वाहत येऊन आमच्या उंबऱ्याशी साचे, आणि आई पदर खोचून ते पाणी खराट्याने लोटत राही... खराट्याची ती ओली खरखर म्हणजे आमच्या घराची पहाट.

आता नानांचा हिशेब ऐका. मुकटा पवित्र, म्हणून चकती पवित्र. चकती पवित्र, म्हणून ती बिघडणे शक्य नाही. तरीही नळ वाहतो, म्हणजे कोणीतरी तो नीट बंद करत नाही. त्यांची बायको, काकू, सोवळ्यात पाणी भरायची. तिचा हात चुकणार कसा? उरली माझी आई. कचेरीत वर्षानुवर्षे कागद तपासणाऱ्या माणसाची ही बुद्धी!

एका उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येऊ लागले आणि नानांनी वडिलांना अंगणात बोलावले. संध्याकाळची वेळ, तुळशीपुढे दिवा लागलेला. "मास्तर, तुमच्या मंडळींनी इथं तुळशीसमोर कबूल करावं की नळ त्यांच्याच हातून उघडा राहतो. नाहीतर दुसरी जागा बघा."

आई दारात उभी होती. हात चिंचेने आणि राखेने माखलेले. ती स्वच्छ म्हणाली, "मी नळ उघडा टाकलेला नाही. रोज दोनदा बघते."

नाना तिच्याकडे न बघता वडिलांना म्हणाले, "बघा बुवा. तुमचं तुम्ही ठरवा."

वडिलांनी तिला आत नेले. मी आठ वर्षांची होते, चुलीपाशी बसले होते, आणि मी सगळे ऐकले. "दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. म्हणून टाक की. नळाची जागा पुन्हा मिळायची नाही, चौकातून पाणी आणून मरशील." आई म्हणाली, "पण खोटं आहे ते." वडील म्हणाले, "असू दे की. कुणाचं काय जातंय?"

पुढे मी शेकडो सौदे केले. समोरचा कुठे वाकेल हे त्याच्या पापणीवरून ओळखायला शिकले. पण त्या संध्याकाळी वडिलांनी केला तसा गाढवपणाचा सौदा मी दुसरा पाहिला नाही. ज्या बाईने जन्मात दुसरे काही जमवले नव्हते, तिचा शब्द त्यांनी एका गळक्या तोटीवर देऊन टाकला.

आई बाहेर गेली. तुळशीपुढे उभी राहून म्हणाली, "माझ्याकडून राहत असेल." नाना म्हणाले, "असेल नाही. राहतो म्हणा." ती म्हणाली, "राहतो." तेव्हाही तिच्यामागे नळ टपकतच होता... टप्, टप्. सगळ्यांनी ऐकले. कोणी मान वळवली नाही.

महिनाभराने नाना कसल्याशा अनुष्ठानासाठी तीन दिवस अक्कलकोटला गेले. दुसऱ्याच सकाळी काकूने मिस्त्रींना बोलावले. नानांची एक जुनी वहाण तिने चिमट्यात धरून आणली आणि अंगणात टाकली.

"मिस्त्री, ह्याच्या टाचेची काढा चकती."

मिस्त्री बघतच राहिले. "मालिक की चप्पल?"

"त्यांचंच आहे की. बाहेरचं कशाला?" काकू म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून अशी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. मग डोळे पुसून ती आईकडे वळली. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," एवढेच म्हणाली.

नळ बंद झाला. असा बंद, की अंगण आठवडाभरात वाळले.

नाना परतले, तोटीखाली हात धरून उभे राहिले, कोरडा तळवा वडिलांना दाखवला. "बघितलंत, मास्तर? चूक कबूल केली की हाताला वळण लागतं." मी ओरडणारच होते, आईने मागून माझ्या तोंडावर हात दाबला. तिच्या बोटांना चिंचेचा आंबट वास होता. नंतर मी तिच्याशी भांडले तेव्हा ती म्हणाली, "काकूला घरात राहायचंय, कमळे. त्यांना कळलं तर तिला गोमूत्र पाजतील आणि माहेरी धाडतील. गप बस."

मग नाना जन्मभर स्वतःच्या वहाणेतून गाळलेले पाणी देवाला घालत राहिले, स्वतः पीत राहिले, आणि माझ्या आईला कसे सुधारले ते पेठभर सांगत राहिले. काकू आधी गेली, मग नाना. सांगायला बंधन उरले नाही तेव्हा ऐकणारा उरला नव्हता. या माणसाचा मला अजून राग येतो, आणि तो राग मी कमी भावात कोणाला देणार नाही.

शेवटची काही वर्षे आई माझ्याकडे होती. माझ्या घरातले नळ मी पारखून घेतलेले, रबरी चकत्यांचे. थेंब गळत नाही. तरी ती प्रत्येक नळ दोन्ही हातांनी आवळायची, इतका की तोटीचे आटे जायचे. मी रागावले की ओशाळी हसायची. एके दिवशी न्हाणीच्या दारात उभी राहून, पदराला हात पुसत, तिने अगदी सहज विचारले, "कमळे, खरंच माझ्याकडूनच राहत होता का गं तो नळ?"

मी तिला सगळे पुन्हा सांगितले... मुकटा, मिस्त्री, वहाण. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "असेल. पण मी कबूल केलं होतं ना."