तांगेनीची डांगरी

खाणीच्या फाटकातून तीन गोष्टी कधी बाहेर पडत नाहीत, असं आमच्या गावात म्हणतात: खाणीतला दगड, खाणीतली डांगरी आणि रौनाची दया. पहिल्या दोन खऱ्याच. तिसरी, रौनाशी हुज्जत घालून जे हरले, त्यांनी चिडून जोडलेली.

मेमे रौना (थोरल्या बाईला आमच्यात मेमे म्हणतात) चोवीस वर्षं खाणीच्या धुलाईघरात आहे. युरेनियमची खाण, वाळवंटात पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला एवढा मोठा खड्डा, की तळाशी चाललेला डंपर वरून मुंगळ्याएवढा दिसतो. शिफ्ट संपली की तिथंच आंघोळ करायची, धुळीनं भरलेली डांगरी, म्हणजे कामाचा अंगभर पोशाख, रौनाच्या खिडकीत टाकायची आणि घरच्या कपड्यांत बसमध्ये बसायचं, हा नियम. एका साहेबानं डांगरी खांद्यावर टाकून गाडीकडे पाय वळवले, तर हिनं मागून ओढून घेतली. साहेब असाल तुमच्या घरी, म्हणाली.

आणि खाणीला आमच्यात कोणी नावं ठेवत नाही. ठेवणार कोण? मागे युरेनियमचा भाव पडला, निम्मी माणसं घरी बसली, तेव्हा बस थांब्यावर वडे तळणाऱ्या बायकांच्या कढयासुद्धा थंड पडल्या होत्या. केस कापणारा गेला, शाळेतले दोन मास्तर गेले. पोटाला घालणाऱ्या हाताबद्दल वाकडं बोललेलं शेजारीच खपवून घेत नाहीत.

तर गेल्या महिन्यात तांगेनी गेला. एकोणीस वर्षं डंपर चालवला त्यानं. शिफ्टवरून येताना बसमध्ये झोपला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. उत्तरेकडे, ओशाकाती शहराच्या पलीकडे त्याचं गाव. तिकडे नेऊन पुरला. आणि या सोमवारी त्याची आई, कुकू सायमा (कुकू म्हणजे आजी), रात्रभर बसनं येऊन रौनाच्या दारात उभी राहिली. पंचाहत्तरीची बाई, डोक्यावर बाजरीच्या पिठाचं गाठोडं.

तिला तांगेनीची डांगरी हवी होती. माणूस गेला की महिन्याभरानं त्याचे कपडे धुऊन चटईवर मांडायचे आणि नातलगांत वाटायचे, ही आमच्याकडची रीत. ज्या कपड्यात माणूस कमावता झाला, तो भाच्याला. आमच्यात मामाचा वारस भाचाच. शनिवारी वाटणी होती. गुरुवारच्या बसनं परतायलाच हवं. बाकी शर्ट, कोट, चांगले बूट सगळं मिळालं होतं. डांगरी तेवढी रौनाच्या फळीवर, चारशे सतरा नंबरच्या खणात.

रौनानं नियम सांगितला. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागितलं. रौनाला पेन्शन अकरा महिन्यांवर. डांगरी पिशवीत घालून बाहेर काढताना सापडली असती तर चोवीस वर्षं पाण्यात. पण खरं सांगायचं तर तिला नोकरीची तेवढी धास्ती नव्हती. नांगोलो, तो भाचा, ती धुळीत मुरलेली डांगरी घालून शेतात राबेल, घरी येऊन पोरांना मांडीवर घेईल, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

बुधवारी संध्याकाळी रौनाच्या घरी म्हातारीचा जिभेवरचा ताबा सुटला. "खाणीनं माझा पोरगा घेतला आणि एक चिंधी सोडवत नाही तिला. आणि तू आपल्यातलीच, तू तिची राखण करतेस. तुला पोरंबाळं नाहीत वाटतं."

रौना चुलीपाशी होती. पळी खाली ठेवून ती म्हातारीच्या समोर येऊन बसली.

"आहेत. एक मुलगा आहे. मुलगी होती," ती म्हणाली. "कुकू, तेव्हा डांगऱ्या घरीच आणायचे सगळे. कोणी काही सांगितलं नव्हतं. माझा नवरा हामुतेन्या दारात डांगरी झटकायचा, मी ती टबात धुवायची. आणि त्याच टबात पोरीला आंघोळ घालायची. घरात टब एकच होता."

पोरगी तिसऱ्या वर्षीच वारली. नवरा पुढं एक्केचाळिसाव्या वर्षी खोकून खोकून गेला. डॉक्टर म्हणाले, सिगारेटी. सिगारेटी तर तो ओढायचाच. पोरीचं तर कोणी कारणच सांगितलं नाही. धुळीनंच झालं असं रौना शपथेवर सांगू शकत नाही. नाही झालं असंही तिला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. शेजारणींनासुद्धा ती हे कधी बोलली नव्हती. मुलगा खाणीत, पगार खाणीचा. बोलून जायचं कुठं?

म्हातारी जवळ सरकली. मग म्हणाली, "तांगेनीची डांगरी तूच धुवायचीस?"

"एकोणीस वर्षं. डावा खिसा नेहमी उसवलेला. मीच शिवायची."

म्हातारी तोंडाला डोईचं फडकं लावून रडली, आणि रौनानंही मग स्वतःला आवरलं नाही.

उसवलेल्या खिशावरूनच रौनाला आठवलं. जानेवारीत सगळ्यांना नव्या डांगऱ्या आल्या, तेव्हा तांगेनीची डांगरीही छातीवर नाव शिवायला तिच्याकडे आली होती. नाव शिवून झालं आणि तो गेला. ती डांगरी खड्ड्यात कधी उतरलीच नव्हती. गुरुवारी पहाटे तिनं भांडारवाल्याला उठवलं, सही घेतली, फाटकावर किरणोत्सार मोजायचं यंत्र डांगरीवरून दोनदा फिरवायला लावलं. यंत्र गप्प. चोवीस वर्षांत पहिल्यांदा रौना हातात डांगरी घेऊन फाटकाबाहेर आली, तर पहारेकरी बघतच राहिला.

बस सुटायला आली होती. म्हातारीनं घडी उलगडली, छातीवरच्या नावावर बोट फिरवलं. मग डांगरी नाकाशी नेली आणि तिचा चेहरा पडला.

"हिला त्याचा वास नाही."

"म्हणूनच देतेय, कुकू."

म्हातारीनं मान हलवली. डांगरी घडी करून गाठोड्यात घातली, गाठ मारली, बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थांबली. तिकडे घरात सात तोंडं होती आणि तांगेनीचा पगार बंद झाला होता. हे रौनाला ठाऊक होतं. म्हातारी काय मागणार तेही ठाऊक होतं.

"नांगोलोला खाणीत लावशील?"

रौनानं बसचं दार धरून ठेवलं. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला.

"मुकादमाला सांगते," ती म्हणाली. "पण कपडे माझ्याकडेच टाकायचे. अकरा महिने मी आहे."