टर्बो गार होईपर्यंत

चाकणहून शिफ्ट संपवून आमचे शेजारी येतात, तेव्हा त्यांची जुनी टर्बो डिझेल गाडी पार्किंगमध्ये थांबते, पण बंद होत नाही. मान वाकवून ते आतच बसून राहतात. विचारलं की म्हणतात, "टर्बो गार होऊ द्यायचा, भाऊ." एवढा वेळ कुठला टर्बो घेतो, असं मला नेहमी वाटायचं.

गाडीवर त्यांचा फार जीव. टर्बो इंजिनात कोंबतो ती हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर भंगारातून आणून स्वतःच बसवलेला. माझ्या गाडीची पॉवर स्वस्तात वाढवायची म्हटल्यावर म्हणाले, "ताकद मागनं. आधी हवा कुठं गळतीय ते बघू." आणि पाइपांत पंपाने हवा भरून, वरून साबणाचं पाणी लावून फेस शोधत बसले.

परवा मात्र गाडी थांबताच त्यांनी वर पाहिलं आणि दार उघडून जिन्याकडे धावले. "तुमी बसा, गार झाल्यावर बंद करा!"

मी त्यांच्या सीटवर बसलो. मान वाकवली, तर पुढच्या काचेतून वर नेमकी त्यांची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी दिसली. रिकामी. काही वेळाने त्यांचे म्हातारे वडील झोपेतले डोळे चोळत तिथे आले आणि सवयीने गाडीकडे बघून हात हलवू लागले.

मीही हात हलवला आणि मगच गाडी बंद केली.