फुग्याखालचं लग्न

अकोल्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा मी भलत्याच मिजाशीत होतो. चीनची लढाई नुकतीच थांबलेली. दर्यापूरकडे दिवस मावळल्यावर आकाशात काहीतरी चकाकतं, अशी तक्रार आलेली. चौकशीला निघालेल्या हवाई दलाच्या नायरसाहेबांचं मराठी बेताचंच, म्हणून आमच्या पुण्याच्या कचेरीनं दुभाषा म्हणून चक्क मला धाडलं होतं!

जीप निघाली. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि वेचणी संपत आलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं). धूळ इतकी, की उतरेपर्यंत साहेब आणि मी एकाच रंगाचे झालो.

गावात बौद्ध वस्तीतल्या किसनरावांच्या दारी मांडव होता. त्यांच्या सुमनचं त्याच संध्याकाळी लग्न. पण भातकुलीहून आलेली नवऱ्याकडची मंडळी परतीसाठी बैल जुंपत होती. आदल्या संध्याकाळी ती चकाकी त्यांनी वाटेत पाहिली होती, आणि सकाळी शेतात रबराच्या चिंध्यांना बांधलेली एक पेटी सापडली होती.

"मुहूर्त, अपशकुन आमी सोडले," नवऱ्याचा मामा मला म्हणाला. "पण चीनचा बाँब असन तं? सरकारनं सांगू द्या, मंग लगन. नाही तं आमी वापस."

अपशकुन म्हणायची सोय उरली नव्हती, म्हणून गड्यानं चीनला मध्ये ओढलं होतं. एवढं कळण्याइतका मी शहाणा होतो.

साहेबांनी पेटी उघडली आणि ते हसले. माझ्या कानाशी लागून इंग्रजीत म्हणाले, "हवामान खात्याचा फुगा. उंचावर ऊन असतं तोवर चकाकतो. पण वरून हुकूम येईपर्यंत बोलायचं नाही." साहेबांना आत्ता काही सांगता येणार नाही, एवढंच मी मंडळींना म्हणालो. किसनराव हात जोडून उभे होते.

तेवढ्यात पांढऱ्या साडीतली सुमनच पुढे आली. "बाबा, सायबाले सांगता येत नसन तं राहू द्या. जेवाले बसवा. भेव असन तं ते बसनार नाहीत."

मी भाषांतर केलं. साहेबांनी टोपी काढली, पेटी मांडवात मधोमध ठेवली आणि तिच्याशेजारीच मांडी घातली. पानात वांग्याची भाजी आणि रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) पडले. साहेब तुपात बुडवून खात राहिले, पुन्हा मागत राहिले.

मामा बराच वेळ बघत होता. "काऊन हो, सायेब भीत नाही?"

"त्यांना भूक लागलीय," मी म्हणालो.

मामानं पेटीकडे पाहिलं, तुपाकडे पाहिलं, आणि ओरडला, "बैलं सोडा रे!"

मला इतका आनंद झाला की मी एक रोडगा जास्तच खाल्ला.

दिवस मावळता मावळता वंदना झाली, नवराबायकोवर फुलं उधळली गेली आणि वर पुन्हा चकाकलं. "आला पाहा लग्नाले!" मामाच म्हणाला, आणि राहिलेली फुलं त्यानं आकाशाकडे भिरकावली.

पुण्यात परतून बरेच दिवस झाल्यावर वरून परवानगी आली: तो फुगा होता, असं लोकांना सांगायला हरकत नाही. भीती घालवायला शेजारी कुणीतरी निवांत जेवत बसलं तरी पुरतं, हे मी त्या मांडवात शिकलो होतो. परवानगी आली तेव्हा सुमन भातकुलीला सुखानं नांदत होती.